चिकटलेली बोटे

बारामती-इंदापूर रस्त्यावर अंथुर्णे हे गाव आहे. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर या भागातील उसाचे मळे पोसले जातात. अशा गावी वहाणेचा अंगठा तुटला अथवा चष्म्याची काडी मोडली, तर दर वेळी बारामती कोण गाठणार? मग दुकानातून गोंदाची इवलीशी नळी आणली जाते. तिच्यातील एक थेंब मोडलेले क्षणार्धात सांधतो. आणि तितक्याच तत्परतेने मुलाची दोन बोटेही सांधतो!

या गोंदातील द्रव्यास सायनोअॅक्रिलेट म्हणतात. बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधताना १९४२ साली ते अमेरिकेत हॅरी कूव्हर यांच्या हाती आले. ते ज्याला त्याला चिकटू लागले, म्हणून त्या वेळी ते बाजूस ठेवण्यात आले. १९५८ साली तेच गोंद म्हणून विक्रीस आले. साधी खळ वाळून घट्ट होते. हा गोंद मात्र ओलाव्याने घट्ट होतो. त्वचा सदैव किंचित ओलसर असते, आणि डोळा तर पाण्यातच नांदतो.

बोटे चिकटताच ती ओढून सोडवावीत, असे प्रथम मनात येते. तसे केल्यास कातडी सोलून निघते. सुती चिंधीने अथवा कापसाने गोंद पुसणे तर त्याहून वाईट. कापसाशी संयोग होताच हा गोंद एकदम तापतो आणि चटका बसतो. सदऱ्यावर तो सांडला, तर कापडास हात न लावता भरपूर गार पाणी ओतावे. चिकटलेली बोटे साबणाच्या कोमट पाण्यात भिजत ठेवावीत व मग चमच्याचा बोथट दांडा मध्ये घालून हळूहळू विलग करावीत. थोडा गोंद उरलाच, तर तो काही दिवसांत मृत त्वचेबरोबर गळून पडतो.

खरे भय डोळ्याचे. डोळ्यांच्या औषधाची बाटलीही अशीच चिमुकली असते, आणि पुष्कळ घरांत दोन्ही एकाच कोनाड्यात असतात. घाईत चुकीची वस्तू हाती येते. अशा वेळी पापण्या बळाने उघडू नयेत, डोळा चोळू नये. स्वच्छ कोमट पाण्याची धार पंधरा मिनिटे सोडावी आणि लागलीच डॉक्टरांकडे जावे. वाहन नसेल, तर १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका विनामूल्य मिळते. चिकटलेल्या पापण्या बहुधा काही दिवसांत आपोआप सुटतात. परंतु आत बुबुळास ओरखडा पडला आहे की नाही, हे डॉक्टरांनाच पाहता येते.