पडद्यामागचे हात

जादूगार आपली पोतडी प्रेक्षकांपुढे कधी रिकामी करीत नाही. आपल्या चित्रसृष्टीच्या जनकाने मात्र ती आपण होऊन उघडून दाखवली! १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ने लोकांना थक्क करणाऱ्या दादासाहेब फाळक्यांनी १९१७ मध्ये ‘चित्रपट कसे तयार करतात’ हा छोटा मूकपट काढला. त्याचे उरलेले तुकडे आजही पाहावयास मिळतात. नटांना धडे देणारे आणि फीत हातात घेऊन निरखणारे दादासाहेब पाहताना मला तरी मूळ चित्रपटाइतकीच मौज वाटते.

हल्ली अशा माहितीपटांना तोटा नाही आणि ते घरबसल्या पाहता येतात. आमच्या शेजारचे आप्पा मात्र नाक मुरडतात. “अहो, नाटकाला जावे ते पुढच्या दाराने. विंगेत डोकावले की राजाच्या हातात विडी दिसायची!”

यावर आमच्या सौभाग्यवतींचे उत्तर तयार असते. “आप्पा, चकली कशी करतात हे मला ठाऊक आहे, म्हणून मला ती गोड लागत नाही की काय?”

परवा आप्पांना आग्रहाने बसवून घेतले आणि लेस ब्लँक यांचा १९८२ सालचा ‘बर्डन ऑफ ड्रीम्स’ लावला. वेर्नर हेर्झोग या जर्मन दिग्दर्शकाच्या ‘फिट्झकराल्डो’ची ही जन्मकथा. पेरूच्या जंगलात एक आगबोट टेकडीवरून पलीकडे न्यायची, असा प्रसंग. खेळण्यातली बोट वापरून भागले असते; पण या गृहस्थांचा हट्ट खऱ्या बोटीचा! बुलडोझर, कप्प्या, जाड दोर आणि स्थानिक आदिवासींचे कष्ट. धोका पाहून अभियंता काम सोडून निघून गेला. तरी बोट चढलीच.

आप्पा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “दोर तुटला असता तर?”

माझ्या मते हा एक प्रश्न मनात उभा राहिला, की अशा माहितीपटाचे सार्थक झाले. मूळ चित्रपटात आपण बोट पाहतो. इथे दोराला लागलेले हात पाहतो. सुंदर दृश्यासाठी दुसऱ्याचा जीव किती टांगणीला लावावा, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण ठरवण्यासाठी आधी ते दिसले तर पाहिजे!

आपल्याकडेही असे हात होतेच. सरस्वतीबाई फाळक्यांनी दागिने दिले, फितीला भोके पाडली, ती धुतली आणि वर साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही सांभाळला. ‘राजा हरिश्चंद्र’ पाहणाऱ्या किती जणांना त्यांचे नाव ठाऊक असेल?

चित्रपट संपला, की नावांची लांबलचक यादी सरकू लागते. आपण तेव्हा चपला शोधत असतो. यंदाच्या दिवाळीत सहकुटुंब चित्रपटाला जाल, तेव्हा दोन मिनिटे बसून ती यादी वाचा. मुलांनी “हे कोण?” असे विचारले, तर समजा, तिकिटाचे पैसे वसूल झाले.