फेरन : थंडीतला डौलदार अंगरखा

फेरन हा काश्मीर खोऱ्यातला हिवाळ्याचा पोशाख. गुडघ्याच्या खाली, जुन्या पद्धतीत थेट घोट्यापर्यंत येणारा हा सैल अंगरखा बायका-पुरुष दोघेही घालतात. २१ डिसेंबरला चिल्लई कलान म्हणजे कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस सुरू होतात. नळ गोठतात, दल सरोवराच्या काठाशी बर्फाचा पापुद्रा धरतो आणि घरोघरी फेरन अंगावर चढतो.

फेरनाची ऊब जितकी लोकरीत, तितकीच त्याच्या सैलपणात आहे. थंडीत शरीराची उष्णता राखते ती कपड्यांत अडकलेली, न हलणारी हवा. अंगाला घट्ट बसणारा जाड स्वेटर आपल्या विणीबाहेर या हवेला फारशी जागा ठेवत नाही. फेरन जोडीने घालतात : आत पातळ सुती ‘पोत्स’, वर लोकरी फेरन. दोन्हींचा बेत एकसारखाच सैल असल्याने मधे हवेचा थर राहतो. शिवाय पोत्स वरचेवर धुता येतो आणि लोकर मळत नाही.

बाह्या मुद्दाम ऐसपैस ठेवलेल्या असतात. बसलेला माणूस हात आत ओढून घेतो, रिकाम्या बाह्या दोन्ही बाजूंना लोंबत राहतात आणि आत त्याने कांगडी धरलेली असते. कांगडी म्हणजे बारीक काटक्यांच्या विणीत बसवलेले, निखाऱ्यांचे मातीचे भांडे. वर्षानुवर्षे ती पोटामांड्यांशी धरल्याने त्वचेचा कर्करोग झाल्याच्या नोंदी वैद्यकशास्त्रात आहेत, त्यामुळे या सवयीचे अनुकरण नको.

डौल येतो तो टिल्ल्याच्या कामाने. बायकांच्या फेरनावर गळ्याभोवती, छातीवर आणि बाह्यांच्या काठांवर सोनेरी किंवा रुपेरी जर चढवतात. ही जर कापडातून आरपार ओवत नाहीत. ती नक्षीच्या रेषेवर ठेवायची आणि दुसऱ्या बारीक धाग्याने टाके घालून जागीच बसवायची, अशी पद्धत आहे. म्हणून नक्षी किंचित उठून दिसते आणि उजेड पडला की चमकते. बाकीचे कापड बहुधा एकरंगी, मोकळे ठेवलेले असते. एवढ्या घेरदार कपड्याला सुबक रूप येते ते या संयमामुळेच. पुरुषांचा फेरन साधा, बहुधा ट्वीडचा असतो.

फेरनाच्या जोडीला पश्मिन्याची शाल असेल तर वजन न वाढता ऊब वाढते. लडाखच्या चांगथांग पठारावरील शेळ्यांच्या आतल्या लवेपासून पश्मिन्याचा धागा काततात. त्याची जाडी साधारण १२ ते १६ मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसापेक्षा कितीतरी कमी. काश्मीर पश्मिन्याला २००८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

डिसेंबर-जानेवारीत गुलमर्गला जाणाऱ्या मराठी पर्यटकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बर्फात चालताना घाम येतो, तेव्हा अंगालगत सुती बनियन नको. ते भिजते, लवकर वाळत नाही आणि अंग गार पाडते. पातळ लोकरी किंवा थर्मल कपडा आत, त्यावर स्वेटर आणि सर्वांत वर फेरन, असे थर बरे. लोकर बरीचशी ओल शोषूनही ओली लागत नाही. मात्र फेरन वारा पूर्ण अडवत नाही, म्हणून हिमवृष्टीत त्याऐवजी जॅकेट घालावे. खरेदी करताना स्वेटर अंगात ठेवूनच फेरन घालून पाहावा आणि खांद्यात ओढ बसली तर एक माप मोठा घ्यावा.