शिवडीचा चिखल आणि रोहित पक्षी

अरण्यदर्शन म्हटले की, आपल्या डोळ्यांपुढे ताडोबा नाही तर कान्हा उभे राहते. जीपगाडी, वाटाड्या, पहाटेची थंडी आणि नशिबात असेल तर वाघ! आपला देश या बाबतीत भाग्यवान आहे. एका टोकाला काझीरंग्याचे गवताळ रान, दुसऱ्या टोकाला कच्छचे रण, मधे सह्याद्रीची सदाहरित जंगले. परंतु तेथवर जाण्यास पैसा लागतो आणि सवडही लागते. त्यामुळे वन्यजीव पाहणे हा ऐपतदारांचा छंद होय, असा समज आम्हा परळ-लालबागच्या मुलांत रुजला असल्यास नवल नाही. मात्र परळहून पायी जाता येईल इतक्या अंतरावर, शिवडीच्या खाडीत, हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. ते पाहण्यास जीपगाडी लागत नाही; थोडी माहिती मात्र लागते. ती करून देणे हाच या लेखाचा हेतू आहे.

रोहित म्हणजेच अग्निपंख, इंग्रजीतला फ्लेमिंगो. आपल्याकडे त्याच्या दोन जाती येतात. मोठा रोहित चार-साडेचार फूट उंच, रंगाने पांढुरका, चोच गुलाबी व टोकाशी काळी. लहान रोहित ठेंगणा, पण अधिक गुलाबी. त्याची चोच गर्द तांबडी. साधारणतः नोव्हेंबर-डिसेंबरपासून ते येऊ लागतात आणि मे-जूनपर्यंत राहतात. कच्छच्या रणात त्यांची वीण होते. तेथील रोहितांच्या वसाहतीचा अभ्यास करणारे डॉ. सालिम अली हे मूळचे मुंबईकरच. १८९६ साली त्यांचा जन्म झाला आणि बालपण गिरगावातील खेतवाडीत गेले. लहानपणी हाती आलेली पिवळ्या गळ्याची एक चिमणी कोणत्या जातीची, हे विचारण्यासाठी ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि तेथून त्यांच्या पक्षिशास्त्राचा आरंभ झाला, हे त्यांनी आत्मचरित्रात सांगितले आहे.

आता हे देखणे पक्षी शिवडीच्या काळ्या, वास मारणाऱ्या चिखलात कशासाठी येतात? उत्तर त्यांच्या चोचीत आहे. रोहित मान खाली घालून चोच उलटी पाण्यात बुडवतो. जीभ पिचकारीच्या दट्ट्याप्रमाणे पुढे-मागे करून तो चिखलपाणी आत ओढतो व बाहेर टाकतो. चोचीच्या कडांना गाळणीसारख्या बारीक पट्ट्या असतात. त्यांत अन्न अडकते. लहान रोहित मुख्यतः सूक्ष्म शेवाळावर जगतो. मोठा रोहित बारीक कोळंबीवर्गीय जीव, किडे, गोगलगायी खातो. त्याचा रंगही या अन्नातून येतो. पिल्लू जन्मतः राखाडी असते. अन्नातील रंगद्रव्य अंगात साठते, तसतसे ते गुलाबी होते. म्हणजे ज्याला आपण घाण म्हणून नाक मुरडतो, त्या चिखलाचीच ही लाली आहे!

या चिखलात निवट्या, खेकडे, शंखशिंपले आणि असंख्य कृमी नांदत असतात. म्हणूनच रोहितांबरोबर शेकाट्या, तुतारी, बगळे असे कितीतरी पक्षी तेथे चरताना दिसतात. ज्याला हा चिखल समजला, त्यालाच तेथील पक्षी समजतात.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची. शिवडीला केव्हाही जाऊन चालत नाही. पूर्ण ओहोटीला चिखल दूरवर उघडा पडतो आणि पक्षी पार आत जातात. नुसत्या डोळ्यांना गुलाबी रेघ तेवढी दिसते. पूर्ण भरतीला पाय टेकण्यास जागा उरत नाही, तेव्हा ते अन्यत्र सरकतात. भरतीच्या आधीचे किंवा नंतरचे दोन-तीन तास उत्तम, कारण तेव्हा पाणी त्यांना काठाजवळ ठेवते.

ही वेळ काढण्याची रीत आपल्या कोकणात पूर्वापार चालत आली आहे. माझ्या आजोबांनी मला ती बोटांवर शिकवली. तिथीला पाऊणपट करावे, तितक्या वाजता भरती. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळी व सायंकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. अमावास्या-पौर्णिमेला हिशेब सव्वाअकरा येतो; प्रत्यक्षात मुंबईत भरती बाराच्या आसपास होते. याचे कारण असे की, भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते आणि पाऊणपटीत आपण ४५ च धरतो. तेवढी तूट ध्यानात ठेवली, तर भिंतीवरची दिनदर्शिका पुरेशी होते. अष्टमीला सकाळी आठ-नऊला जावे, पौर्णिमेला नऊ-दहाला किंवा दुपारी दोन-तीनला. कोळ्यांना आणि दर्यावर्दींना हे गणित पोटासाठी लागे. आपल्याला ते पक्षिदर्शनासाठी उपयोगी पडते.

येथे एका गैरसमजाचा विचार करणे अगत्याचे आहे. रोहित आले म्हणजे खाडी स्वच्छ झाली, असे अनेकांना वाटते. शिवडीला ते मोठ्या संख्येने दिसू लागले १९९० नंतरच्या दशकात. त्या काळात खाडी काही निर्मळ झाली नव्हती. उलट शहराच्या सांडपाण्यातील पोषकद्रव्यांमुळे शेवाळ माजले आणि रोहितांना अन्न मिळाले, असे अभ्यासक सांगतात. परंतु त्याच पाण्यातून विषारी द्रव्येही येतात, आणि गाळ साचून कांदळवन पसरले की उघडा चिखल कमी होतो. तेव्हा पक्ष्यांचे थवे पाहून आपली पाठ थोपटून घेण्यास जागा नाही.

चिखलाचे आणखी एक दुर्दैव आहे. सरकारी कागद असो की लोकांचे बोलणे, त्याला आपण ‘पडीक जागा’ म्हणतो. मुंबई अशाच जागा बुजवून झाली. सात बेटांपैकी परळ हे एक आणि शिवडी त्याचाच पूर्वकिनारा. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वरळीच्या बाजूला हॉर्नबी वेलार्डचा बांध पडला, पुढे भरावामागून भराव पडले आणि भरतीचे पाणी जेथे शिरत असे, त्या सखल भागात पुढे गिरण्या व चाळी उभ्या राहिल्या. आमची घरे त्या भरावावर आहेत, त्यामुळे भराव मुळीच नको होता असे मला म्हणवत नाही. परंतु उरलेला चिखल किती थोडा आहे, याची जाणीव आपल्यालाच अधिक हवी. १२ जानेवारी २०२४ रोजी खुल्या झालेल्या सुमारे २२ किलोमीटरच्या अटल सेतूचे पश्चिम टोक शिवडीलाच आहे. त्याच्या बांधकामाच्या काळात बरेच थवे ठाणे खाडीच्या वरच्या भागाकडे व नवी मुंबईच्या पाणथळींकडे सरकल्याचे निरीक्षकांनी नोंदले आहे.

दिलासा देणारी बाजूही आहे. ठाणे खाडीत २०१५ साली रोहित अभयारण्य जाहीर झाले आणि २०२२ साली ती खाडी रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींत गेली. ऐरोलीच्या केंद्रातून बोटीने पक्षी दाखवतात. निसर्गपर्यटनाचा खरा अर्थ तेथे कळतो: पाहणाऱ्याच्या पैशातून राखणाऱ्याला बळ मिळावे आणि पाहिल्या जाणाऱ्याला त्रास होऊ नये.

शिवडीला तिकीट नाही, म्हणून नियम नाहीत असे नव्हे. थवा उडताना छायाचित्र छान येते म्हणून टाळ्या वाजविणे, दगड मारणे किंवा ड्रोन सोडणे हा पक्ष्यांच्या ताटात हात घालण्याचाच प्रकार होय. चरण्याजोगे पाणी त्यांना भरती-ओहोटीच्या मधले काही तासच मिळते. प्रत्येक उड्डाणात तो वेळ आणि ताकद खर्ची पडते. चिखलात उतरू नये. माणूस कमरेइतका रुतू शकतो. दुर्बीण असल्यास उत्तम, नसल्यास चौघांत एक पुरते. काठावर जाता आले नाही, तर शिवडीच्या किल्ल्यावरून खाडीचा विस्तार तरी दिसतो.

येत्या फेब्रुवारीत आपल्या महाविद्यालयाची सहल शिवडीला न्यावी, अशी माझी प्राध्यापकांना विनंती आहे. हार्बर मार्गावरील शिवडी स्थानकापासून वाट पायाखालची आहे. फक्त दिवस ठरविताना रविवार कधी आहे हे पाहण्याआधी तिथी कोणती, तेवढे पाहावे.