फळी बदलली की चेहरा बदलतो

एकाच किशोर कादंबरीची चार देशांतली मुखपृष्ठं शेजारी शेजारी ठेवली, की बघणारा लगेच देशांचे स्वभाव सांगायला लागतो. जपान्यांना मांगा म्हणजे चित्रकथांची शैली लागते, अमेरिकनांना भपका, फ्रेंचांना संयम, इंग्रजांना मिश्कीलपणा. खेळ गमतीचा आहे आणि त्यात थोडं तथ्यही आहे. पण ही सगळी मुखपृष्ठं ‘राष्ट्रीय अभिरुची’च्या खुंटीला टांगली की खरी गंमत निसटते. माझ्या मते मुखपृष्ठावर देश जितका दिसतो, त्याहून जास्त दिसते ती दुकानातली फळी. पुस्तक कुठल्या कप्प्यात लागणार, त्याच्या शेजारी काय असणार आणि दुकानासाठी घाऊक मागणी नोंदवणारा माणूस कशाला बिचकणार, हे आधी ठरतं. चित्रकाराच्या हाती कुंचला त्यानंतर येतो.

याचा सरळ पुरावा म्हणजे देश तोच राहूनही बदललेली मुखपृष्ठं. मार्क हॅडन यांची ‘द क्युरियस इन्सिडंट ऑफ द डॉग इन द नाइट-टाइम’ २००३ मध्ये ब्रिटनमध्ये एकाच वेळी दोन रूपांत आली, मुलांसाठी डेव्हिड फिकलिंगकडून आणि मोठ्यांसाठी जोनाथन केपकडून. आत अक्षर न् अक्षर तेच. मार्कस झुसाक यांची ‘द बुक थीफ’ ऑस्ट्रेलियात २००५ मध्ये मोठ्यांची कादंबरी म्हणून निघाली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत ती किशोरांच्या कप्प्यात गेली आणि तिच्यावर डॉमिनोच्या सोंगट्यांची रांग आली. तिथे तिला किशोर साहित्यासाठीच्या प्रिन्ट्झ पुरस्काराच्या यादीत मानाचं स्थानही मिळालं. ऑस्ट्रेलियन वाचक प्रौढ आणि अमेरिकन वाचक पोरवयाचा, असं तर कोणी म्हणणार नाही.

किशोरांचा हा वेगळा कप्पा कसा घडला, तेही दोन वाक्यांत सांगायला हवं. अमेरिकन ग्रंथपालांनी तो आधी जोपासला, एस. ई. हिंटन यांच्या ‘द आउटसायडर्स’ने १९६७ मध्ये त्याला चेहरा दिला, आणि पुढे ‘हॅरी पॉटर’ व ‘ट्वायलाइट’च्या खपानंतर मोठ्या दुकानांत त्याच्या स्वतंत्र भिंती उभ्या राहिल्या. इतकं पुरे, कारण माझा जीव अडकलाय तो जपानमध्ये.

जपानी बुन्को म्हणजे १०५ गुणिले १४८ मिलिमीटरचं, हातात मावणारं छोटं पुस्तक. त्यावर सुटं कागदी वेष्टन आणि वेष्टनावर खालच्या बाजूला जाहिरातीची अरुंद पट्टी, म्हणजे ओबी. किशोरांच्या ‘लाइट नॉव्हेल’ या आकारात निघतात आणि मांगाच्या जवळपास मांडल्या जातात. तिथे मुखपृष्ठावरच्या चित्राला लेखकाच्या नावाइतकंच वजन असतं. नागारु तानिगावा यांची ‘सुझुमिया हारुही’ मालिका २००३ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून नोइझी इतो यांनी काढलेली हारुही ही त्या पुस्तकांची ओळखच होऊन बसली. २००९ मध्ये ती इंग्रजीत अमेरिकेत आली, तेव्हा प्रकाशकाने जे केलं ते मला या साऱ्या विषयाचं सार वाटतं. पुठ्ठा बांधणीच्या आवृत्तीवर जपानी चित्र तसंच ठेवलं आणि पेपरबॅकवर मात्र नुसती छायाकृती घेतली. पहिली आवृत्ती अ‍ॅनिमे बघून हारुहीला आधीच ओळखणाऱ्यांसाठी होती. दुसरी होती किशोर कादंबऱ्यांच्या फळीशी थबकणाऱ्या अनोळखी मुलामुलींसाठी. मोठ्या डोळ्यांची मुलगी बघून ‘हे कॉमिक दिसतंय’ म्हणून त्यांनी पुढे जाऊ नये, एवढीच काळजी. उलट्या दिशेने गेलेलं उदाहरण ‘ट्वायलाइट’चं. अमेरिकेत २००५ मध्ये तिच्यावर काळ्या पार्श्वभूमीवर दोन पांढुरके हात आणि त्यांत लाल सफरचंद होतं. जपानमध्ये त्याच कादंबरीचे छोटे छोटे भाग झाले आणि मांगा शैलीतली पात्रं मुखपृष्ठावर आली. सफरचंदाचा अर्थ जपान्यांना कळला नसता असं नव्हे. ज्या फळीवर ते पुस्तक जाणार होतं, तिथे चेहरा नसलेलं पुस्तक मुकं पडलं असतं.

इथे आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. चित्रशैली तर देशाचीच असते ना? मांगा काही दुकानदाराने शोधून काढला नाही. मान्य. हात देशाचा असतो, पण त्या हाताला काम सांगणारा फळीकडे बघून सांगतो. नाहोको उएहाशी यांची ‘मोरिबितो’ घ्या. बाल्सा ही तिशीतली, भाला चालवणारी अंगरक्षक बाई तिची नायिका. मुलांच्या पुस्तकात अशी नायिका विरळाच. १९९६ मध्ये ती जपानमध्ये मुलांचं पुस्तक म्हणून आली, तेव्हा चित्रं काढली स्टुडिओ जिब्लीत अ‍ॅनिमेशन करणाऱ्या माकिको फुताकी यांनी. पुढे २००७ मध्ये शिंचोशा या प्रकाशनसंस्थेने तीच कादंबरी मोठ्यांच्या बुन्कोतही आणली. २००८ मध्ये अमेरिकन आवृत्तीसाठी चित्रं काढली युको शिमिझू यांनी. त्याही जपानी, पण न्यूयॉर्कमध्ये काम करणाऱ्या. दोन्हीकडे हात जपानीच, तरी पुस्तकं वेगळी दिसतात. राष्ट्रीय शैलीचा सिद्धान्त इथे लंगडा पडतो.

फळीचं हे राज्य निरागस नाही, हे ‘लायर’च्या प्रकरणाने उघडं पाडलं. जस्टिन लार्बलेस्टियर या ऑस्ट्रेलियन लेखिकेच्या या कादंबरीची निवेदक मायका कृष्णवर्णीय, केस अगदी बारीक कापलेले. २००९ मध्ये ब्लूम्सबरीने अमेरिकेत जे मुखपृष्ठ जाहीर केलं, त्यावर होती लांब सरळ केसांची गोरी मुलगी, तोंडावर तेच केस ओढून धरलेली. प्रकाशकाच्या बाजूने बचाव असा, की निवेदक सराईत खोटारडी आहे, मग मुखपृष्ठानेही खोटं का बोलू नये? बचाव चतुर आहे, पण टिकत नाही. मायकाच्या वर्णाबद्दलच वाचकाला शंका आली, तर कादंबरीचा पायाच ढासळतो. लेखिकेने जाहीरपणे लिहिलं, की कृष्णवर्णीय चेहरा असलेली पुस्तकं खपत नाहीत, हे तिला प्रकाशनव्यवसायात वारंवार ऐकवलं गेलं होतं. वाचकांनी आरडाओरडा केला आणि पुस्तक बाजारात येण्याआधीच मुखपृष्ठ बदलून कृष्णवर्णीय मुलगी आली. ऑस्ट्रेलियात मुळात चेहराच नव्हता, होती ती फक्त शीर्षकाची अक्षरं. ‘ऑस्ट्रेलिया उदार, अमेरिका वंशवादी’ असा निकाल द्यायचा मोह होतो, तो टाळावा. उर्सुला ल गुइन यांच्या अर्थसी कादंबऱ्यांचा नायक गेड तांबूस-तपकिरी वर्णाचा. १९६८ च्या पहिल्या अमेरिकन आवृत्तीत रुथ रॉबिन्स यांनी तो बराचसा तसाच काढला होता आणि त्याला फिकट गोरा करून टाकला तो ब्रिटनच्या पफिनने. लेखिका त्यावर चांगलीच संतापली होती. पाप एका देशाचं नाही, ‘हे खपणार नाही’ या घाऊक अंदाजाचं आहे. तो अंदाज तपासून बघायला फारसं कोणी जात नाही, कारण गोरा चेहरा लावलेलं पुस्तक पडलं तर दोष चेहऱ्याला कोणी देत नाही.

फ्रान्सचं उदाहरण माझ्या विरोधात वापरता येईल. गालिमार या प्रकाशनसंस्थेच्या प्रतिष्ठित मालेतल्या मोठ्यांच्या कादंबऱ्या आजही साय-रंगाच्या कोऱ्या मुखपृष्ठात, लाल-काळ्या रेघांच्या चौकटीत निघतात. ही तर अस्सल राष्ट्रीय अभिरुची झाली. पण त्याच घराची मुलांसाठीची फोलिओ ज्युनियर माला चित्रांनी भरलेली आहे, ‘हॅरी पॉटर’ला तिथे जाँ-क्लोद गोतिंग यांचं चित्र मिळालं. कोरेपणा देशाचा नसून एका मालेचा, एका कप्प्याचा आहे.

पॉटरच्या बाबतीत तर फळीइतकंच करारपत्रही बोलतं. १९९७ च्या ब्रिटिश आवृत्तीवर थॉमस टेलर यांचा हॅरी लाल आगगाडीपुढे गोंधळून उभा आहे; १९९८ च्या अमेरिकन आवृत्तीवर मेरी ग्रँडप्रे यांचा हॅरी केरसुणीवरून उडत स्निच पकडायला हात पुढे करतोय. त्याच वर्षी ब्लूम्सबरीने मोठ्यांसाठी काढलेल्या आवृत्तीवर हॅरी नाहीच, वाफेच्या इंजिनाचं कृष्णधवल छायाचित्र आहे. इंग्रजी पुस्तकांचे हक्क वाटताना भारत परंपरेने ब्रिटिश प्रकाशकाच्या वाट्याला येतो. त्यामुळे पुण्या-मुंबईत इंग्रजीतून वाचणाऱ्या मुलांना आगगाडीपुढचा हॅरी भेटला आणि न्यू जर्सीत वाढणाऱ्या त्यांच्या मराठी मावसभावंडांना केरसुणीवरचा. दोघांच्या घरची आवडनिवड एकच असली, तरी कोणता हॅरी कोणाला मिळायचा हे विक्रीहक्कांच्या वाटणीत केव्हाच ठरून गेलेलं होतं.