पूर येण्यापूर्वी घरची आणि गोठ्याची तयारी

कृष्णा, वारणा, पंचगंगेच्या काठी राहणाऱ्यांना पूर नवा नाही. परंतु २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर नेहमीच्या अंदाजात बसणारे नव्हते. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले.

त्या वेळी पाणी ओसरू लागल्यावर आम्ही विद्यार्थ्यांना घेऊन नदीकाठच्या एका गावी गेलो होतो. एका घरी पोटमाळ्यावर दोन पोती गहू अगदी कोरडा होता. पण गिरणी पाण्यात, वीज बंद, सरपण भिजलेले. तीन दिवस मुलांनी गूळ-शेंगदाण्यावर काढले. लवकर का निघाला नाही, असे विचारता घरधनी म्हणाले, "म्हशी कुठं न्यायच्या आणि घालायचं काय?" काठावरची बहुतेक कुटुंबे याच एका कारणाने अडकतात. म्हणून तयारीची सुरुवात पेटीपासून न करता वैरणीपासून करावी, असे माझे मत आहे.

दूध आटले तरी चालेल पण जनावर जगले पाहिजे, या हिशेबाने मोठ्या जनावरास दिवसाला ६ ते ७ किलो कोरडी वैरण लागते. दोन म्हशींना आठ दिवसांसाठी साधारण एक क्विंटल झाली. एवढा कडबा रोहिणी नक्षत्रातच उंचावरच्या पै-पाहुण्यांच्या रानात नेऊन ठेवावा व वरून ताडपत्री घालावी. त्याच वेळी जनावरे आणण्याचेही बोलून घ्यावे. ऐन पुरात दारात गेल्यावर पाहुण्यांचीही अडचण होते. मुरघासाच्या हवाबंद पिशव्या असल्यास उत्तमच, मात्र पिशवी फोडल्यावर लवकर संपवावी. पुरात भिजून बुरशी आलेली वैरण जनावरांना घालू नये. घटसर्प व फऱ्याची लस पावसाळ्यापूर्वीच टोचून घ्यावी.

निघायचे कधी? पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरील इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट आहे. आयर्विन पुलाजवळ इशारा ४० फुटांवर मिळतो. आपले घर सखल भागात असेल तर इशारा पातळीलाच जनावरांसह बाहेर पडावे. उशिरा निघणे किती जिवावर बेतते, हे ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यात ब्रह्मनाळ येथे उलटलेल्या बोटीने दाखवले आहे. अगदीच निघता आले नाही तर दावणीची दावी तरी सोडावीत. मोकळे जनावर पोहून काठ गाठू शकते, बांधलेले बुडते.

आता घरातील माणसांचे. चहूकडे पाणी असून पिण्यास थेंब नसतो. माणशी दिवसाला ३ लिटर धरले तर पाच माणसांना चार दिवसांसाठी ६० लिटर पाणी झाले. इशारा मिळताच झाकणाचे कॅन भरून माळ्यावर ठेवावेत. क्लोरिनच्या गोळ्या जवळ असाव्यात. पाकिटावरील प्रमाणात टाकून अर्धा तास थांबावे. जुलाब झाल्यास एक लिटर शुद्ध पाण्यात सहा चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून द्यावे. चमचा चहाचा आणि सपाट भरलेला असावा.

खाण्याचे पदार्थ न शिजवता खाता येतील असेच निवडावेत. भाजके फुटाणे, चुरमुरे, गूळ, शेंगदाणे, पोहे आणि लहान मुलांसाठी दुधाची पावडर पुरेशी आहे. काडेपेटी व मेणबत्त्या झाकणाच्या बरणीत ठेवाव्यात. बॅटरी, शिट्टी, दोर, नेहमीची औषधे व थोडी रोकड एका पत्र्याच्या पेटीत भरावी. मोबाईलचा मनोरा बंद पडला की फोनवरचे पैसे उपयोगी पडत नाहीत. सातबारा, पासबुक, आधार, रेशनकार्ड, पीक विम्याची पावती आणि जनावरांच्या कानातील बिल्ल्यांचे क्रमांक लिहिलेला कागद प्लॅस्टिक पिशवीत घालून त्याच पेटीत ठेवावा. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक घरातील मुलांनाही पाठ असावा.

शेतकऱ्याच्या घरातील एक धोका शहरी माणसाच्या ध्यानात येत नाही. कीटकनाशकाच्या बाटल्या व औषध लावलेले बियाणे घाईत खाण्याच्या जिनसांबरोबर माळ्यावर चढवले जाते. ते वेगळ्या खोलीत, उंच फळीवर व कुलपात ठेवावे. युरियाची पोतीही गोठ्यात ठेवू नयेत. युरिया विरघळलेले पाणी प्यायल्यास जनावरास विषबाधा होते.

घर सोडताना विजेचा मेन स्विच बंद करावा. परतल्यावर वायरमनने तपासल्याशिवाय तो चालू करू नये.

दसऱ्यानंतर पूर येण्याची भीती सरली की पेटीतील फुटाणे-शेंगदाणे खाऊन टाकावेत. कागद व बॅटरी तशीच राहू द्यावी. सेल मात्र काढून ठेवावेत, नाहीतर ते पाझरून बॅटरी खराब होते.