जुग (सारीपाट)

जुग : सारीपाटाच्या खेळातील एक संज्ञा. एकाच रंगाच्या दोन सोंगट्या एका घरात आल्या म्हणजे त्यांचे जुग झाले, असे म्हणतात. एकटी सोंगटी प्रतिपक्षाकडून मारली जाते व तिला प्रवास आरंभापासून करावा लागतो. जुगाला मात्र एकटी सोंगटी मारू शकत नाही. दोन्ही सोंगट्या पुढे नेण्यासाठी पुष्कळदा जुग फोडावे लागते. ते केव्हा फोडावे, हा या खेळातील कौशल्याचा गाभा होय. नियम प्रदेशपरत्वे थोडेफार बदलतात.

पटाच्या चार पट्ट्यांत आठ-आठ घरांच्या तीन ओळी, म्हणजे एकूण ९६ घरे असतात. चार रंगांच्या १६ सोंगट्या असतात. लांबट फाशाच्या चार बाजूंवर १, २, ५ व ६ असे ठिपके असतात. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फज्लने आईन-इ-अकबरीत अशाच पटाचे व फाशांचे वर्णन केले आहे. त्यात फासे तीन आहेत. दोन फाशांनीही हा खेळ खेळतात.

दोन फाशांची १६ दाने संभवतात. दोन्ही फाशांची चाल एकाच सोंगटीस देता येते असे धरल्यास, मागून येणाऱ्या शत्रूपासून सहा घरांवर असलेली एकटी सोंगटी १६ पैकी ९ दानांत मरते. दोन घरांवरील ८ दानांत, तर एक किंवा पाच घरांवरील ७ दानांत. याउलट तीन घरांवर २ व चार घरांवर केवळ १ दान घातक ठरते. नऊ घरांवर तर एकाही दानाचे भय नाही. म्हणजे शत्रू जवळ आहे एवढ्यावरून धोका ठरत नाही. त्याचे नेमके अंतर मोजावे लागते.

दुसरा विचार हानीचा. नुकतीच निघालेली सोंगटी मेल्यास दोन-चार घरांचीच चाल वाया जाते. फेरी पुरी करत आलेली मेल्यास जवळजवळ सर्व प्रवास बुडतो. म्हणून साहस डावाच्या आरंभी करावे. शेवटच्या टप्प्यात जुग राखावे.

बॅकगॅमन या पाश्चात्त्य खेळातही हेच तत्त्व दिसते. तेथे लागोपाठ सहा घरांवर दोन-दोन सोंगट्या बसविल्या की ती भिंत शत्रूला ओलांडता येत नाही. ती लवकर उभारण्यासाठी एखाद्या घरात एकटी सोंगटी ठेवण्याचा धोका पत्करतात. शत्रूच्या घरपट्टीत त्याची बांधलेली घरे थोडी असतील, तर मारली गेलेली सोंगटी सहज परत येते. तेव्हाच हे साहस परवडते. शत्रूने आपली घरे बांधली असल्यास तीच चाल घातक ठरते.

जळगाव व धुळे जिल्ह्यांत आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सणाला पैज लावून खेळण्याची प्रथा आहे. अशा खेळात हरणारा बहुधा दानाला दोष देतो. दान कोणाच्याच हाती नसते, हे खरे. परंतु ते पडण्यापूर्वी आपली सोंगटी कोणत्या घरात उघडी ठेवावयाची, हे खेळणाऱ्याच्याच हाती असते.