संच स्वस्त, कान अनमोल

दिवाळीच्या तोंडावर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत एक दृश्य हमखास दिसते. भल्यामोठ्या टीव्हीवर गाड्यांचा पाठलाग चाललेला असतो, पाच स्पीकर आणि एक वूफर दणाणत असतात आणि विक्रेता खोक्यावर छापलेल्या वॉटच्या आकड्यावर बोट ठेवून उभा असतो. पंधरा-वीस हजारांत घरच्या घरी थिएटर! संच घरी येतो. पहिला आठवडा कौतुकात जातो. मग कुरबुरी सुरू होतात. स्फोट झाले की कानठळ्या बसतात, पण संवाद कळत नाहीत. आजोबा ‘आवाज वाढव’ म्हणतात, आई ‘कमी कर’ म्हणते आणि रात्री साडेदहाला खालच्या मजल्यावरून फोन येतो. शेवटी घरात एकमत होते, ‘स्वस्तातली वस्तू, दुसरे काय होणार?’

हा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकतो. संच स्वस्त असतो हे खरे, पण बिघडलेले असते ते त्याचे मांडणे, खोली आणि आवाजाची पातळी. याचे कारण असे की, आवाज चहूबाजूंनी येतो आहे हा अनुभव स्पीकरमध्ये तयार होत नाही. तो ऐकणाऱ्याच्या मेंदूत तयार होतो. मेंदूला लागणारी माहिती अगदी सूक्ष्म असते आणि ती मोठ्या आवाजापेक्षा नीट मांडणीतून मिळते.

दिशा कळते कशी?

उजवीकडे टाळी वाजली, तर तिचा आवाज आधी उजव्या कानात पोचतो आणि डोक्याला वळसा घालून जरा उशिरा डाव्या कानात. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. त्यामुळे दोन कानांमधला हा उशीर जास्तीत जास्त सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाइतका असतो. समोरून येणाऱ्या आवाजाच्या बाबतीत तर मेंदू सेकंदाच्या सुमारे एक लाखाव्या भागाइतका फरकही ओळखू शकतो.

खर्जातल्या आवाजांची दिशा मुख्यतः या वेळेच्या फरकावरून कळते. वरच्या पट्टीतल्या आवाजांना डोके आडवे येते, म्हणून पलीकडच्या कानाला ते क्षीण ऐकू येतात आणि त्यावरून दिशा ठरते. लॉर्ड रॅले या ब्रिटिश शास्त्रज्ञाने ही दुहेरी पद्धत १९०७ मध्ये मांडली. आवाज समोरून आला की मागून, वरून आला की खालून, हे ठरवायला कर्णपाळीच्या घड्या मदत करतात. ‘टीव्हीशेजारच्या स्पीकरमधून आलेला आवाज’ आणि ‘पाठीमागे वाजलेले पाऊल’ यांतला फरक मेंदू अशा खुणांवरून करतो.

चित्रपटाने या गुणाचा फायदा घ्यायचे ठरवले, त्यालाही आता जवळपास शतक होत आले. पडद्यावरचा नट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जातो, पण आवाज एकाच जागेवरून येतो, हे अ‍ॅलन ब्लूमलीन या ब्रिटिश अभियंत्याला खटकले. त्याने १९३१ मध्ये दोन वाहिन्यांच्या ध्वनीच्या पेटंटसाठी अर्ज केला. डिस्नेच्या ‘फँटेशिया’साठी १९४० मध्ये अनेक स्पीकरची खास योजना करण्यात आली. आज घरोघरी ज्याला ‘फाइव्ह पॉइंट वन’ म्हणतात, ती डॉल्बीची डिजिटल पद्धत १९९२ मध्ये ‘बॅटमॅन रिटर्न्स’बरोबर चित्रपटगृहात आली.

पाच कुठे, एक कुठे?

या नावातले पाच म्हणजे समोरचा डावा, मधला आणि उजवा आणि बाजूचे दोन. ‘पॉइंट वन’ म्हणजे फक्त खर्ज वाजवणारा वूफर. यांतला मधला स्पीकर दिसायला किरकोळ, पण चित्रपटातले बहुतेक संवाद त्याच्याकडे असतात. तो टीव्हीच्या अगदी खाली किंवा वर, तोंड बसणाऱ्यांच्या कानांकडे करून ठेवायला हवा. शोकेसच्या खणात, फोटोफ्रेम आणि फुलदाणीच्या मागे तो कोंबला की संवाद घुसमटलेच म्हणून समजावे.

समोरच्या डाव्या-उजव्या स्पीकरसाठी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे ती मधल्या रेषेपासून ३० अंशांची. म्हणजे दोन स्पीकर आणि बसणारा यांचा साधारण समभुज त्रिकोण व्हावा. बाजूचे दोन स्पीकर १०० ते १२० अंशांवर, म्हणजे कानांच्या रेषेच्या किंचित मागे. आपल्याकडे सोफा बहुधा मागच्या भिंतीला टेकलेला असतो. तो हातभर पुढे ओढता आला तर उत्तम. नाही जमले, तर हे स्पीकर दोन्ही बाजूंच्या भिंतींवर, बसलेल्या माणसाच्या कानापेक्षा थोडे वर लावावेत. वायर आखूड पडते म्हणून पाचही स्पीकर टीव्हीशेजारी रांगेत मांडले, तर पैसे सराऊंडचे गेले आणि हाती आला साधा टीव्हीचाच आवाज, फक्त मोठा.

अंतराचाही हिशेब असतो. एकच आवाज दोन ठिकाणांहून आला, तर जो आधी पोचतो तिकडूनच तो आला असे मेंदू मानतो. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ मध्ये याचा सविस्तर अभ्यास केला. ध्वनीला एक मीटर कापायला सुमारे तीन मिलिसेकंद लागतात. म्हणून सोफ्याच्या टोकाला, बाजूच्या स्पीकरला खेटून बसलेल्या माणसाला सगळा चित्रपट त्याच स्पीकरमधून येत असल्यासारखा वाटतो. अनेक संचांत प्रत्येक स्पीकरचे अंतर आणि आवाजाची पातळी भरण्याची सोय असते. मोजपट्टी घेऊन हे आकडे भरायला दहा मिनिटे लागतात. बहुतेक घरांत ती दहा मिनिटे कधीच दिली जात नाहीत.

खोलीही वाजते

गुळगुळीत फरशी, रिकाम्या भिंती, काचेची सरकती खिडकी, छताला प्लास्टर असा आजचा हॉल आवाज शोषून घेत नाही, परतवतो. एकेक शब्द भिंतींवर आपटून पुन्हा पुन्हा कानात येतो आणि पुढच्या शब्दावर सांडतो. संवाद न कळण्याचे हे मोठे कारण. त्यावरचे उपाय घरातच असतात. समोर जाड सतरंजी किंवा गालिचा, खिडकीला जाड पडदे, भिंतीला पुस्तकांचे कपाट. नवा संच घेण्याआधी एवढे करून पाहिले, तरी जुन्या टीव्हीचेही शब्द स्पष्ट होतात.

खर्जाचा मामला वेगळा. ८० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी चार मीटरहून जास्त असते. पडदे-गालिचे त्याला अडवू शकत नाहीत. बारा फूट लांबीच्या खोलीत सुमारे ४७ हर्ट्झला समोरासमोरच्या भिंतींमध्ये ध्वनीची स्थिर लाट तयार होते. भिंतीजवळ तिचा दाब सर्वाधिक, खोलीच्या मध्यावर सर्वांत कमी. त्यामुळे भिंतीला टेकून बसलेल्याला नुसते घुमणे ऐकू येते आणि मध्ये खुर्ची टाकून बसलेल्याला तोच सूर हरवल्यासारखा वाटतो. कोपऱ्यात ठेवलेला वूफर या लाटांना आणखी जोर देतो.

यावर ध्वनितंत्रज्ञ एक गमतीशीर पण कामाची युक्ती सांगतात. वूफर थोडा वेळ आपल्या बसण्याच्या जागेवर ठेवावा, खर्ज असलेले गाणे लावावे आणि स्वतः खोलीभर रांगत फिरावे. जिथे खर्ज घुमत नाही आणि पातळही होत नाही, ती वूफरची जागा. इतक्या खालच्या सुरांची दिशा कानाला नीट कळत नसल्याने वूफर टीव्हीजवळच असला पाहिजे असे काही नाही.

वॉटची भूल

खोक्यावर हजारोंच्या घरात छापलेला ‘पीएमपीओ’ वॉटचा आकडा विसरलेला बरा. तो कसा मोजायचा याचे सर्वमान्य प्रमाणच नाही. पाहायचा तो ‘आरएमएस’ वॉट, म्हणजे संच सतत पेलू शकेल अशी शक्ती. आणि तोही फार मोठा लागत नाही. शक्ती दुप्पट केली तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबलची वाढ लागते आणि त्यासाठी शक्ती दहापट करावी लागते. साधारण स्पीकर एका वॉटमध्ये मीटरभर अंतरावर ८५ डेसिबलच्या आसपास आवाज देतो. म्हणजे छोट्या हॉलमध्ये नेहमीचे पाहणे-ऐकणे थोडक्या वॉटांत भागते. जास्तीची शक्ती अचानक येणाऱ्या मोठ्या आवाजांसाठी, तेवढ्यापुरती. छोटा संच त्याच्या कुवतीपलीकडे ताणला की आवाज फाटतो. फाटलेल्या आवाजात शब्द आणखी हरवतात आणि ते शोधायला रिमोटवरचे बटण पुन्हा वर जाते.

न परतणाऱ्या पेशी

खरा धोका त्या बटणात आहे. आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी गुंडाळलेली एक नळी असते. तिच्यात साधारण पंधरा-सोळा हजार केशपेशी ध्वनीचे रूपांतर मज्जातंतूंच्या संदेशांत करतात. दोन्ही डोळ्यांत मिळून प्रकाश टिपणाऱ्या पेशी कोट्यवधी असतात, त्या मानाने ही संख्या अगदी तुटपुंजी. माणसात या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. वरच्या पट्टीचे सूर टिपणाऱ्या पेशी नळीच्या तोंडाशीच असतात आणि सहसा त्याच आधी झिजतात.

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली मर्यादा आहे आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास. लहान मुलांसाठी तेवढ्याच तासांना ७५ डेसिबल. आवाज ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मी होते. ८३ डेसिबलला २० तास, ८६ ला १० आणि ९० डेसिबलला अवघे ४ तास. ९० डेसिबलच्या सरासरीने पाहिलेला अडीच तासांचा एक चित्रपट आठवड्याच्या वाट्यातला निम्म्याहून अधिक भाग खातो. त्याच वाट्यातून लोकल, हॉर्न, इअरफोन आणि मिरवणुकीतले ढोलही वजा होत असतात.

घरी मोजायला फोनवरचे अ‍ॅप अंदाजापुरते चालते. त्याहून सोपी खूण म्हणजे हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलायला आवाज चढवावा लागला, तर संच जास्त मोठा आहे. चित्रपट संपल्यावर कानात गुंई वाजणे किंवा कान दडे बसल्यासारखे वाटणे, ही तर कानांनी दिलेली सूचनाच. लहान मूल वूफर किंवा बाजूच्या स्पीकरच्या तोंडाशी बसत नाही ना, हेही पाहायला हवे.

आजोबा ‘वाढव’ का म्हणतात?

वय वाढते तसे वरच्या पट्टीतले ऐकणे कमी होते. शब्दांतले स्वर खालच्या पट्टीत असतात, ते ऐकू येतात. स, श, फ, त यांसारखी व्यंजने मात्र निसटतात. मग ‘साप’ आणि ‘ताप’ सारखेच वाटतात. ‘ऐकू येते, पण कळत नाही’ ही ज्येष्ठांची तक्रार हट्टाची नसते, ती अगदी अचूक असते. अशा वेळी पूर्ण संचाचा आवाज वाढवला की खर्जही वाढतो आणि उरलीसुरली व्यंजने त्याखाली दबतात. आजोबांना तरीही कळत नाही आणि नातवाचे कान मात्र पणाला लागतात.

इथे पाच वेगळे स्पीकर असण्याचा खरा फायदा होतो. फक्त मधल्या स्पीकरची पातळी ३ ते ४ डेसिबल वाढवता येते, वूफर तेवढाच उतरवता येतो. अनेक संचांत ‘नाइट मोड’ असतो. तो मोठे आवाज दाबतो आणि बारीक आवाज वर आणतो, त्यामुळे कुजबुज कळते आणि स्फोटाने दचकायला होत नाही. जोडीला पडद्यावर उपशीर्षके लावण्यात कमीपणा काही नाही. आणि हे सगळे करूनही शब्द निसटत असतील, तर दुरुस्ती संचात शोधू नये. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन श्रवण चाचणी करून घ्यावी. घरातल्या टीव्हीचा वाढत गेलेला आवाज ही अनेकदा कमी होणाऱ्या श्रवणशक्तीची पहिली खूण असते.

नाइट मोड शेजाऱ्यांच्याही कामाचा. भिंतीतून आणि स्लॅबमधून सर्वांत सहज पलीकडे जातो तो खर्जच. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. खासगी ध्वनियंत्रणेचा आवाज घराच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक चढता कामा नये. दहानंतर वूफर बंद केला, तरी निम्म्याहून जास्त भांडणे मिटतात.

म्हणून नवा संच घेताना वॉटपेक्षा तीन गोष्टी विचाराव्यात. प्रत्येक स्पीकरची पातळी आणि अंतर वेगळे ठरवता येते का? नाइट मोड आहे का? आणि बाजूच्या स्पीकरची वायर आपल्या सोफ्यापर्यंत पोचते का? ही तीन उत्तरे ‘हो’ असतील, तर पंधरा-वीस हजारांचा संचही पावसाची सर मागून पुढे सरकताना ऐकवतो, तोही शेजारच्या खोलीत झोपलेल्या बाळाला न उठवता. स्पीकर बिघडला तर बदलून मिळतो. आतल्या कानातल्या पंधरा-सोळा हजार पेशींना मात्र कोणत्याच दुकानात वॉरंटी नाही.